इक्विनॉक्समध्ये दिवस कुठे गेला?

प्रश्न असा आलाय की मार्चच्या २०-२१ ला दिवस-रात्र सारखे असतात, मग इक्विनॉक्स या शब्दात नुसती रात्रच का, आणि मराठीत विषुवदिन म्हणायचं की संपात?

शब्द मूळचा लॅटिन. एक्वुस म्हणजे समान आणि नॉक्स म्हणजे रात्र. रात्र दिवसाइतकी झाली एवढं सांगितलं की दिवसाचं वेगळं सांगायला लागत नाही. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत यायच्या आधीही तिथे एक देशी शब्द होता, त्याचा अर्थही समरात्रच, कारण त्या लोकांत काळ रात्रींनी मोजायची जुनी सवय होती. फोर्टनाइट म्हणजे पंधरवडा, तो मुळात चौदा रात्री. ग्रीकांनी मात्र उलट केलं, त्यांचा शब्द समदिन असा आहे, आणि जर्मन लोक दिवस आणि रात्र दोन्ही घालून लांबलचक शब्द करतात.

मला यातला सगळ्यात आवडता भाग म्हणजे नॉक्स आणि आपलं नक्त ही सख्खी भावंडं आहेत, एकाच मूळ भाषेतून आलेली. माझी आजी श्रावणी सोमवारी नक्त करायची, म्हणजे दिवसभर उपास आणि रात्री जेवण, आणि संध्याकाळ झाली की मला अंगणात पाठवायची चांदणी दिसली का बघायला. त्या नक्तातली रात्र आणि इक्विनॉक्समधली रात्र एकच आहे हे कळलं तेव्हा मी खरंच हरखून गेलो होतो.

सॉल्स्टिसमध्येही, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या किंवा सगळ्यात लहान दिवसाच्या नावातही, असंच आहे, सोल म्हणजे सूर्य आणि पुढचा भाग थांबणे या अर्थाचा, तो आपल्या स्था धातूचा भाऊ. सूर्याची उगवायची जागा सरकत सरकत जाते आणि त्या सुमारास काही दिवस थबकल्यासारखी दिसते, म्हणून.

आता विषुव. याचा विषाशी काही संबंध नाही, काहीजण तसं समजतात. संस्कृतात विषु म्हणजे दोन्ही बाजूंना, आणि विषुवत् म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असलेला, मधला. वर्षभर चालणाऱ्या वैदिक सत्रातल्या, म्हणजे लांबलचक यज्ञातल्या, मधल्या दिवसाला हेच नाव होतं. केरळातला विषु सणही यातलाच, फक्त अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्याने ताऱ्यांच्या मानाने संपात सरकत जातो त्यामुळे, तो आता एप्रिलच्या मध्यावर येतो.

संपात म्हणजे एकत्र येऊन मिळणं, आकाशात क्रांतिवृत्त (सूर्याचा वर्षभराचा दिसणारा मार्ग) आणि विषुववृत्त (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरचं आकाशातलं वर्तुळ) एकमेकांना छेदतात तो बिंदू. त्यामुळे दिवसाबद्दल बोलायचं तर विषुवदिन, आणि बिंदूबद्दल किंवा सूर्य तिथे पोचतो त्या क्षणाबद्दल बोलायचं तर वसंतसंपात, शरदसंपात, मी तरी हा फरक पाळतो.

आणि एक, त्या दिवशी दिवस-रात्र अगदी सारखे नसतातच. पेपरात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा बघा, मुंबई-पुण्याकडे दिवस सहा-सात मिनिटांनी मोठाच निघतो, कारण सूर्याची वरची कड दिसली की आपण उगवला म्हणतो आणि हवेमुळे किरण वाकून तो क्षितिजाखाली असतानाच दिसायला लागतो. खरे बारा-बारा तास मार्चमध्ये पाच-सहा दिवस आधीच होऊन जातात, आणि त्या दिवसासाठी इंग्रजीत अलीकडे इक्विलक्स असा शब्द केलाय. लक्स म्हणजे उजेड.