टाकी गळण्याआधी रॉड बदला

भाऊ, तुम्ही लिहिलंत: लातूरजवळचं बोअरचं पाणी, २५ लिटरचा गिझर, तिसऱ्या वर्षी टाकीला गळती आणि वर 'पाणी खारं आहे, वॉरंटीत बसत नाही' हे कंपनीचं उत्तर. अगदी हेच उत्तर एका सर्व्हिस सेंटरने मलाही दिलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. नवीन गिझर किती लिटरचा, किती स्टारचा घ्यायचा हे दुकानदार सांगेलच.

बहुतेक टाक्या पत्र्याच्या, आतून काचेचा थर दिलेल्या. त्या थराला कुठेतरी बारीक तडा असतोच. तिथला पत्रा गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. तो आधी झिजतो आणि टाकी वाचते. पाण्यात क्षार जास्त असले की रॉड लवकर संपतो, मग पाळी पत्र्याची. फुटलेल्या टाकीवर एम-सील टिकत नाही, त्यात पैसे घालू नका.

राग येतो तो इथे. वार्षिक सर्व्हिसला येणारा माणूस कॉइल खरवडतो, कार्डावर सही घेतो आणि रॉडकडे बघतही नाही. टाकी गेली की मात्र दोष पाण्याचा. तुम्ही नकाराचं कारण लेखी मागा, सर्व्हिसच्या पावत्या जोडून कंपनीला मेल करा, नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कार्डात कठीण पाण्याची अट छापलेली असेल तर मात्र तुमची बाजू लंगडी पडेल, हे आधीच सांगतो.

नवीन गिझर घ्याल तेव्हा दुकानातच विचारा: रॉड सुटा मिळतो का? नसेल तर तो गिझर घेऊ नका, हे माझं ठाम मत. पाण्याचा कठीणपणा प्रयोगशाळेतून तपासून घ्या. टीडीएस मीटर विरघळलेले एकूण क्षार दाखवतो, कठीणपणा दाखवत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची पसंतीची मर्यादा २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, दुसरा स्रोत नसेल तर ६००. आपल्याकडच्या कितीतरी बोअरचं पाणी याच्याही वर जातं.

रॉड वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास काढून बघा. उन्हाळाभर बोअर आणि टँकरवरच भागत असेल तर सहा महिन्यांनी. एमसीबी बंद, अँगल कॉक बंद, गरम पाण्याचा नळ उघडा, टाकी रिकामी करा. वायरींचा फोटो काढून मगच त्या सोडवा. फ्लँजचे, म्हणजे कॉइल आणि रॉड बसवलेल्या झाकणाचे, नट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करा. रॉडच्या आतली तार दिसायला लागली किंवा रॉड निम्म्याहून बारीक झाला की बदला. आटे जुळावेत म्हणून जुना दुकानात न्या. गॅस्केट नवीनच टाका. कॉइल १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून त्यात बुडवून ठेवा, कनेक्शनची टोकं कोरडी राहू द्या. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड आणि हातोडी दोन्ही लांब ठेवा. जोडल्यावर नळातून हवा न येता सलग धार लागेपर्यंत बटण दाबायचं नाही, नाहीतर कॉइल कोरडी जळते. विजेच्या कामाची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा, पण रॉड तुमच्यासमोर काढायला लावा.

पाणी उशिरा तापतंय म्हणजे क्षारच साचलेत असं नाही. २ किलोवॅटच्या कॉइलला २५ लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला साधारण २६ मिनिटं लागतात. खेड्यात व्होल्टेज १८० वर आलं की तेच काम ४३ मिनिटांवर जातं. क्षाराची खूण वेगळी: आतून टकटक आवाज येतो आणि कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच, सारखा पडतो.

थर्मोस्टॅट ५५ च्या आसपास ठेवा, त्याहून जास्त तापवलं की क्षार भराभर बसतात. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात, ते पडायलाच हवेत. गळतोय म्हणून प्लंबर त्याला बूच मारतात. तसं अजिबात करू देऊ नका, टाकी फुटू शकते. सोलर घ्यायचा विचार असेल तर असल्या पाण्याला तांब्याच्या नळ्यांच्या पॅनेलपेक्षा काचेच्या ट्यूबचा बरा, त्या सहसा तुंबत नाहीत.