वाचकांचे प्रश्न: बक्षीसपत्र, उतार आणि सत्तरीचे कार्ड

प्र. घर आत्ताच मुलाच्या नावावर करावे, असे घरात चालले आहे. पुढे त्याने सांभाळले नाही तर परत मिळेल का? (डिचोली)

मिळू शकते, पण सगळे बक्षीसपत्रातल्या एका वाक्यावर अडते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे. सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द करू शकते. दस्तात मात्र बहुधा ‘प्रेमापोटी दिले’ एवढेच असते. 2022 मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच पाहिले: अट कुठे आहे? म्हणून जेवणखाण, औषधपाणी आणि हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क, तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. पोटच्या पोराला अट कसली घालायची, हा संकोच कळतो, तरी घालाच.

गोव्यात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. लग्नाआधी वेगळा करार झाला नसेल तर अर्धे घर पत्नीचे असते, तेव्हा तिची सही हवीच. शिवाय मुलांचा राखीव हिस्सा आहे. एकालाच सगळे दिले तर बाकीची भावंडे उद्या तो दस्त अडवू शकतात.

प्र. पंचायतीने वाचनालयाला उतार बांधला, पण चाकांची खुर्ची चढतच नाही. (काणकोण)

उतार उभा झाला असणार. हिशेब सोपा आहे: 1 उंचीला 12 लांबी. 15 सेंटिमीटरच्या चार पायऱ्या म्हणजे 60 सेंटिमीटर उंची, त्याला 7.2 मीटर उतार लागतो. जागा नाही म्हणून तो तीन मीटरमध्ये बसवला, की खुर्ची ढकलणाराही मागे घसरतो. जागा अपुरी असेल तर मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा ठेवून उतार वळवा.

स्वतः तपासून बघा. 120 सेंटिमीटरची सरळ फळी उतारावर ठेवा, खालचे टोक उचलून ती पाणसळीने समपातळीत आणा. त्या टोकाखाली 10 सेंटिमीटरहून जास्त फट राहिली तर उतार चुकला.

वर चकचकीत लादी नको. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने शेवाळ धरते आणि माणसे तिथेच पडतात. खरबरीत सिमेंट आणि दोन्ही बाजूंना 80 ते 90 सेंटिमीटर उंचीचे कठडे हवेत. ही मापे काम सुरू होण्याआधी, अंदाजपत्रकातच लिहायला लावा. ग्रामसभेत लेखी द्या. तोंडी सांगितलेले इतिवृत्तात येईलच असे नाही.

प्र. दयानंद योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या सामाजिक सुरक्षा पेन्शनचे, 2,000 रुपये येणे थांबले. (वास्को)

आधी हयातीचा दाखला पाहा. तो दरवर्षी द्यावा लागतो.

प्र. आई 72 वर्षांची. बोटांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून आयुष्मान वय वंदना कार्ड निघत नाही. (फोंडा)

आयुष्यभर शेतात, चुलीपाशी राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात. ठशांचाच हट्ट नको. आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी, डोळा किंवा चेहरा यांवरूनही ओळख पटते. सत्तरी ओलांडलेल्यांना वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही.

वय मात्र आधारवरचेच धरतात. ते चुकले असेल तर जन्मनोंद काढा. आईचा जन्म 1961 आधीचा, म्हणजे नोंद पोर्तुगीजमध्ये असणार. ‘कामत’चे तिथे ‘कामोतीं’ झालेले सापडते. नावातला हा फरक आधी मिटवा, मगच आधार केंद्रावर जा, कारण जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. कुठे अडलात तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते.