हुंडा नको म्हणणाऱ्या मुलाचं कर्ज

"सर, तत्त्वाला धरून राहायचं म्हणजे आईबापाला दुखवायचंच का?" लातूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या मुलांचा हा प्रश्न मला आता पाठ झालाय. त्यातल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीनं सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय २९, नोकरी शिक्षकाची. कॉलेजात एनएसएसच्या शिबिरात हात पुढं करून शपथ घेतलेली, हुंडा घेणार नाही. शपथ अख्ख्या शिबिरानं घेतली होती, ती याच्याच लक्षात राहिली. आता सोयरीक जमत आली होती आणि वडिलांनी, त्यांना तो दादा म्हणतो, याला न विचारता यादी करून आणली होती. ती त्यानं माझ्या टेबलावर ठेवली. वहीचं फाडलेलं पान, कोपऱ्यांना हळदकुंकू, वर 'श्री'. खाली रोख ११ लाख, अंगठी, मोटारसायकल, भांडीकुंडी, आणि शेवटी 'मानपान रीतीप्रमाणे'.

"हे वाचलं की माझीच मला किळस येते," तो म्हणाला. तीन आठवडे धड झोप नव्हती. दादांशी बोलणं बंद.

मी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली, आणि तिथंच चुकलो. दोन भेटी त्याला धीर देण्यातच घालवल्या. १९६१ च्या कायद्यानं हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे, किमान ५ वर्षांची शिक्षा आहे, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. त्यानं ते घरी जाऊन दादांना ऐकवलं. व्हायचं तेच झालं.

तिसऱ्या भेटीला दादांना बोलावलं. टोपी मांडीवर ठेवून बसले.

"धाकटीच्या लग्नात सहा लाख मोजले, सर. तव्हा ही शपथ कुठं होती? ते कर्ज अजून माज्या डोक्यावर हाय. सोयाबीनला हमीभाव म्हणतेत, आडतीवर कोण द्यायलंय? अन् आपण काहीच मागितलं न्हाई तर पोरात काय खोट हाय म्हणून इचारायलेत लोकं."

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. बहिणीच्या लग्नात तो गप्प बसला होता. मला वाटतं, त्याची झोप या यादीपेक्षा त्या गप्प बसण्यानं जास्त उडवली होती.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. त्यात 'असं व्हावं' ही इच्छा आणि 'असं झालंच पाहिजे' हा हट्ट, यांत फरक करायला शिकवतात. मी कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे तू काय करणार ते लिही, उजवीकडे इतरांनी काय करावं ते. डावीकडे एकच ओळ आली, 'मी पैसा घेणार नाही.' उजवी बाजू भरून गेली. दादांनी मान्य करावं, माझा अभिमान वाटावा, आईनं रडू नये, भावकीनं नाव काढावं. 'भावकीनं' लिहिताना त्यालाच हसू आलं.

"आणि याचा खर्च कोण सोसणार?" मी विचारलं. एरवी इतकं टोचून मी बोलत नाही. पण तत्त्व याचं आणि हप्ते बापाचे, हा हिशेब मला पटेना. तो काही बोलला नाही. फी देऊन निघून गेला, आणि आता हा येत नाही असंच मला वाटलं.

आठवड्यानं आला तो आकडेमोड करूनच. सावकाराचं आधी, सोसायटीचं नंतर. महिना १२,००० रुपये, म्हणजे नुसत्या मुद्दलालाच ५० महिने. दादांनी पान उलटंसुलटं करून बघितलं. "पन्नास म्हैने," एवढंच म्हणाले.

ती सोयरीक मोडलीच. मुलगा काही मागत नाही म्हटल्यावर मुलीकडच्यांनाच शंका आली. पुढं दुसरीकडं जमलं, नोंदणी पद्धतीनं. त्याला ३० दिवसांची नोटीस लागते. त्या महिन्याभरात दादा तीनदा येणार नाही म्हणाले. आले. जेवले मात्र नाहीत.

परवा तो भेटला. बारावा हप्ता गेला होता.

"दादा काय म्हणतात?"

"त्यावर काहीच नाही, सर. मीही विचारत नाही आता. रविवारी सोयाबीन काढायला ये म्हणालेत."