गोव्यातून त्रिशंकू (सदर्न क्रॉस, दक्षिण आकाशातला क्रॉसच्या आकाराचा तारकासमूह) दिसतो का? दिसत असेल तर कधी आणि कुठे पाहायचा?

दिसतो, आणि पुरा दिसतो. गोवा साधारण १५.५ अंश उत्तरेला आहे, म्हणून त्रिशंकू सर्वांत उंच असतानाही दक्षिण क्षितिजापासून फक्त ११ ते १७ अंशांवर असतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे १० अंश. दीड मूठ वर पाहा. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास तो सरळ उभा असतो. आधीच्या दर पंधरवड्याला एक तास उशिरा धरा. जूनमध्ये ढग भरतात, तेव्हा एप्रिल-मे सोडू नका, शक्यतो अमावास्येच्या आसपास.

जागेवरच सगळं अडतं. माडांच्या मागे तो सहज लपतो, आणि आपले किनारे पश्चिमेकडे उघडे. कोलवा-बाणावलीसारख्या उत्तर-दक्षिण पसरलेल्या वाळूवर पाण्याजवळ उभं राहून किनाऱ्याच्या रेषेत दक्षिणेला पाहा. हॉटेलांचे दिवे समोर येत असतील तर पुढे सरका.

फसगत होते ती ‘खोट्या क्रॉस’मुळे, म्हणजे त्रिशंकूसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या ताऱ्यांच्या आकृतीमुळे: तो उजवीकडे, मोठा आणि फिकट असतो. खऱ्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे असतात; ते आधी शोधा.