वजन उतरलं की दुखणं जाईल ना?

फायब्रोमायल्जिया (अंगभर सतत दुखण्याचा, थकव्याचा जुनाट आजार) असलेल्या बायकांकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा तो घरच्यांनीच डोक्यात घातलेला असतो.

गुहागरकडच्या एका वहिनींचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). पंचेचाळिशी उलटलेली, वजन ८२ किलो, आमसुलं-फणसपोळीच्या ऑर्डरी घेतात, घर पाखाडीच्या (चढाच्या पायऱ्यांच्या वाटेच्या) पार वरच्या टोकाला. अंगभर दुखणं, रात्रभर झोपून पण सकाळी दमलेल्याच, आणि रक्त, एक्सरे सगळं नॉर्मल. मग काय, घरचे बोलायला मोकळे, "काय नाय गो, जाडी झालीस म्हणून दुखतंय, चालत जा जरा." वहिनी ईर्षेने समुद्रावर तासभर चालून आल्या आणि पुढचे चार दिवस अंथरुणात. मग भात बंद केला. दोन किलो उतरले, दुखणं तसंच, वर स्वतःचाच राग.

म्हटलं, वहिनी, वजनाचा संबंध आहे, खोटं कशाला बोलू. वजन जास्त असेल तर या आजारात दुखणं जास्त आणि चालणं, चढणं, उठबस जास्त जड जाते असं अभ्यासांत दिसलंय, वजन उतरल्यावर काहींना बरं वाटतं हे पण खरंय. पण मूळ ते नाही, काटकुळ्या बायकांना पण हा आजार होतोच की. यात मज्जासंस्थाच दुखणं वाढवून जाणवून देते, झोप नीट लागत नाही, दुखतं म्हणून हालचाल कमी, मग ताकद जाते नि वजन चढतं. त्यात त्यांना प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्यावरची गोळी) चालू होतं, त्याने काहींचं वजन वाढतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं! (गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही हं, डॉक्टरांशी बोलायचं. त्या बोलल्या, डोस बदलला.)

काटा माळ्यावर टाकायला लावला. मोजायचं ते वेगळंच, हात न टेकता खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं, आणि पाखाडी किती ठिकाणी थांबून चढता येते. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१७ च्या शिफारशींत सगळ्यात ठाम शिफारस व्यायामाचीच आहे, गोळ्यांची नाही, पण सुरुवात अगदी थोडक्यात करायची. आम्ही पाच मिनिटं चालण्यापासून केली आणि बऱ्या दिवशी पण तेवढंच. इथे आमचं वाजलं. "बरं वाटतं तेव्हाच तर कामं उरकते मी, मे महिन्यात फणस थांबतो होय कोणासाठी?" मुद्दा बरोबर होता. मग गरे काढायला जाऊबाई, पोळी पाटावर वाळत घालणं वहिनींकडे, तेही मधेमधे पाठ टेकून.

दिवाळीपर्यंत पाखाडी एका थांब्यात चढायला लागल्या. दुखणं आहे, पण झोप जरा बरी. वजन दीड किलो कमी, नवऱ्याला हे काय पटलेलं नाही. पुढच्या भेटीला त्यांनाच बोलावलंय, फणसाच्या सीझनला पाट्या कोण उचलणार ते आत्ताच ठरवून टाकू.