निर्लेखन की निंदण?

दारव्ह्याकडच्या एका वाचकाने विचारलंय: "आमच्या वाचनालयाच्या ठरावात 'जीर्ण, कालबाह्य व आक्षेपार्ह ग्रंथांचे निर्लेखन करण्यात यावे' असं लिहिलंय. निर्लेखन म्हणजे नेमकं काय? सरळ 'निंदण' म्हटलं तर?"

निर्लेखन आज कार्यालयीन शब्द झालाय. दाखल नोंदवहीत नोंदीपुढे ठरावाचा क्रमांक नि तारीख टाकायची, वस्तू हिशेबातून कमी. खुर्ची, पंखा, पुस्तक, सगळ्यांना तोच. पण संस्कृतात 'लिख्'चा जुना अर्थ ओरखडणे, खरवडणे. चरकसंहितेत 'जिह्वानिर्लेखन' येतं, म्हणजे जीभ घासायची पट्टी. साचलेला थर काढायचा, जीभ शाबूत ठेवायची. ग्रंथालयाला मला तर हाच अर्थ जास्त शोभतो.

निंदण, म्हणजे पिकातलं तण उपटणं, हेही वाईट नाही. इंग्रजीतले ग्रंथपाल या कामाला 'वीडिंग'च म्हणतात. खोच एवढीच, की तण कोणतं हे ठरवायचं कोणी? आमची मोठी आई पऱ्हाटीत निंदायला बसली की बाकी गवत धुऱ्यावर फेकायची आणि तरोट्याचे कोवळे शेंडे ओटीत टाकायची. "तन कायचं? रातच्याले भाजी होते ना त्याची!" वावराला निदान एक धनी असतो. वाचनालयाच्या कपाटावर अख्ख्या गावाचा हक्क.

ठरावात खरी गडबड आहे ती 'आक्षेपार्ह'ने. जीर्ण आणि कालबाह्य तपासून पाहता येतं. पानं सुटली, वाळवी लागली, हे डोळ्यांना दिसतं. कापसावरचं जुनं पुस्तक एन्डोसल्फान फवारायला सांगत असेल, तर त्या कीटकनाशकावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आहे. ते खुशाल काढा. आक्षेप + अर्ह म्हणजे आक्षेप घेण्याजोगं. पण आक्षेप कोणाचा, ते हा शब्द सांगतच नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने १९७३ मध्येच बजावलं होतं, की संग्रहाच्या मूल्यमापनाच्या आडून वादग्रस्त साहित्य बाहेर काढू नये.

'कोणी नेत नाही' या कारणालाही जपून. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' असं सूत्र मांडलं, पण तो वाचक देवघेवीच्या नोंदीत सापडेलच असं नाही. काही पुस्तकं घरी न्यायची चोरी असते. आमच्या गावच्या वाचनालयात पोरी अशी पुस्तकं कपाटाआड उभ्यानेच वाचून संपवायच्या. नोंदवहीत त्यांचा पत्ता नाही.

तेव्हा ठरावात 'जीर्ण अथवा माहिती कालबाह्य झालेल्या प्रतींचे निर्लेखन' एवढंच लिहा, प्रत्येक प्रतीपुढे कारणासह. कोणाचा आक्षेप असेल तर त्याने तो सहीनिशी द्यावा, समितीने पुस्तक आधी पूर्ण वाचावं. त्या कामाला 'फेरविचार' हा शब्द आहेच. निंदण बैठकीत बोलताना जरूर म्हणा. नोंदवहीत मात्र नको, लेखापरीक्षक मजुरीची पावती मागेल.