विमान ‘वळवलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

परभणीहून आलेला प्रश्न असा: ‘वादळामुळे चिकलठाण्याचं विमान वळवलं’ अशी बातमी येते, आणि ‘वैमानिकाने विमान वळवण्याची परवानगी मागितली’ अशीही येते. क्रियापद एकच, मग गोष्टही एकच का? आणि वैमानिक रेडिओवरून देतो त्या ‘पॅन पॅन’ या इशाऱ्याला मराठीत आणीबाणी म्हणावं का?

गोष्ट एक नाही. या धंद्यात त्यासाठी दोन शब्द आहेत, डेव्हिएशन आणि डायव्हर्जन. डेव्हिएशन म्हणजे समोरचा ढग चुकवून बाजूने जायचं आणि पुढे परत ठरलेला मार्ग धरायचा, मुक्काम तोच. डायव्हर्जनमध्ये मुक्कामच बदलतो, चिकलठाण्याला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला, निघालेले प्रवासी मुंबईत किंवा नागपुरात उतरतात. पहिल्यासाठी ‘वळसा घालणे’ हा तयार शब्द आपल्याकडे आहे. ‘बगल देणे’ही अर्थाने बसतं, पण त्याला टाळाटाळीचा वास येतो. दुसऱ्यासाठी ‘वळवणे’ राहू द्यावं, मात्र गावासकट: ‘नागपूरला वळवलं’. वाक्यात गावाचं नाव घालता येत नसेल तर तो बहुतेक वळसाच आहे असं समजावं.

आता वळसा मागतात कसा, ते पाहू. मुंबईहून नागपूर-कोलकात्याकडे जाणारी विमानं मराठवाड्यावरून जातात. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत रान तापतं आणि चारच्या सुमाराला वळवाचं आभाळ उभं राहतं. (वळीव आणि वळवणं एकाच वाक्यात आले की मजा येते, पण तो विषय वेगळा.) हा ढग क्युम्युलोनिंबस, रेडिओवर त्याची दोनच अक्षरं, ‘चार्ली ब्राव्हो’. आपल्याकडे त्याचा माथा कधी कधी ५०,००० फुटांच्याही वर जातो आणि प्रवासी विमानं उडतात ३० ते ४० हजार फुटांवर. म्हणून वरून जायची सोय नाही, बाजूनेच जायचं. जोरदार ढगापासून निदान २० सागरी मैल लांब राहावं असा दंडक आहे, कारण गारा ढगाच्या अंगाबाहेरही फेकल्या जातात.

ढग दिसतो वैमानिकाला, विमानाच्या नाकातल्या रडारवर. जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या पडद्यावर विमानं असतात, ढग असतीलच असं नाही. मात्र आजूबाजूला कोण आहे, याचं पूर्ण चित्र त्याच्याकडेच असतं. म्हणून बोलणं लागतं, आणि ते ढग जवळ यायच्या आधी, हाताशी निदान पाचसात मिनिटं असताना. वाक्य साधारण असं: ‘रिक्वेस्ट डेव्हिएट ट्वेंटी माइल्स लेफ्ट ऑफ ट्रॅक ड्यू वेदर’. किती, कोणत्या बाजूला, कशामुळे, हे तिन्ही त्यात येतं. गडबड होते ती एकक गाळल्यावर. नुसतं ‘ट्वेंटी लेफ्ट’ म्हटलं तर २० मैल की २० अंश? २० अंश डावीकडे वळून ६० मैल गेलं तर मार्गापासून सुमारे २० मैल अंतर पडतं. त्याच दिशेने १२० मैल गेलं तर ४०. नियंत्रकाने २० मैलांपुरती जागा मोकळी ठेवली असेल तर पुढे दुसरं विमान असू शकतं. परवानगी मिळाली की वैमानिक ती शब्दशः परत म्हणून दाखवतो, आणि ढग मागे पडल्यावर ‘क्लिअर ऑफ वेदर’ कळवतो. हे कळवणं राहिलं तर नियंत्रक ती जागा अडवून बसतो आणि मागच्यांचे वळसे अडतात.

इथला ‘वेदर’ गमतीचा आहे. शब्दाचा अर्थ हवामान, चांगलंही आणि वाईटही. पण ‘ड्यू वेदर’ म्हटलं की वाईटच. आपण ‘आभाळ आलंय’ म्हणतो तेव्हा तेच करतो; आभाळ काय नेहमीच असतं. म्हणून ‘हवामानामुळे वळसा’पेक्षा ‘आभाळामुळे वळसा’ मराठवाड्याच्या कानाला जास्त खरं लागतं. छापायचं की नाही ते संपादकांनी ठरवावं.

नियंत्रक कधी ‘अनेबल’ म्हणतो. बातमीत त्याचं ‘परवानगी नाकारली’ होतं. अनेबल म्हणजे ‘जमत नाही’. त्यासोबत बहुधा कारण येतं आणि पर्यायही: दहा मैलांनी वळा, किंवा उजवीकडून जा. ‘स्टँडबाय’ म्हणजे तर हो नाही आणि नाहीही नाही, नुसतं थांबा. ‘रॉजर’ म्हणजे ऐकलं, एवढंच. त्यात होकार नाही.

जमत नाही म्हटल्यावर वैमानिक काय करतो, इथे मराठी कामाला येते. तोवर तो वळसा ‘मागत’ होता, आता त्याला वळसा ‘लागतो’. इंग्रजीतही हाच बदल होतो, रिक्वेस्टच्या जागी ‘वेदर डेव्हिएशन रिक्वायर्ड’. हे शब्द ऐकू आले की त्या विमानाला बोलायला पहिली पाळी आणि तातडीने उत्तर. तेवढ्याने भागलं नाही तर ‘पॅन पॅन’, शक्यतो तीनदा. एवढं करूनही परवानगी हाती आलीच नाही तर ढगात शिरण्याची सक्ती नाही. वैमानिक वळतो, दिवे लावतो, आपण कुठे आहोत आणि काय करतोय ते १२१.५ मेगाहर्ट्झवरही सांगत राहतो. समुद्रावरच्या हवाई क्षेत्रासाठी ठरलेल्या पद्धतीत, वळसा पाच सागरी मैलांच्या आतला असेल तर उंची तीच ठेवायची. जास्त असेल तर ३०० फुटांचा फरक करायचा: पूर्वेकडे जाताना डावीकडे वळलं तर खाली, उजवीकडे वळलं तर वर; पश्चिमेकडे जाताना याच्या उलट. थोडक्यात, उत्तरेला सरकलं की खाली, दक्षिणेला सरकलं की वर. शेजारच्या मार्गावर त्याच उंचीला असलेल्या विमानाशी गाठ पडू नये म्हणून हा फरक.

‘पॅन पॅन’ला ‘निकड’ म्हणावं. आणीबाणी हा शब्द ‘मेडे’साठी ठेवावा, जिथे धोका अंगावर आलेला असतो आणि मदत त्याच क्षणी हवी असते. २१ मे २०२५ला दिल्ली-श्रीनगर विमान गारांच्या वादळात सापडलं. आधी डावीकडे, सीमेच्या बाजूने वळसा मागितला, तो मिळाला नाही. लाहोरकडे विचारणा केली, तिथूनही नकार आला. विमान वादळातून गेलं आणि श्रीनगरला सुखरूप उतरलं. बातम्यांत ‘इमर्जन्सी’ छापून आलं, पण डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) निवेदनाप्रमाणे श्रीनगरला दिलेला इशारा ‘पॅन पॅन’चा होता.

नेमका शब्द न उच्चारल्याने काय होतं, त्याचं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. २५ जानेवारी १९९०ला एव्हियान्का या कोलंबियाच्या कंपनीचं बोइंग ७०७ खराब हवेमुळे तासाभराहून जास्त वेळ घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत चाललंय हे सांगितलं, ‘प्रायॉरिटी’ मागितली, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द वैमानिकांच्या तोंडून नियंत्रकापर्यंत गेला नाही. विमान पडलं, १५८ पैकी ७३ जण गेले. आज इंधनासाठी ठरलेले शब्द दोन आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता याच विमानतळावर उतरणार, आणखी उशीर झाला तर राखीव इंधनाला हात लागेल. ही सूचना आहे, हक्काची पहिली पाळी नव्हे. ‘मेडे फ्युएल’ म्हणजे ३० मिनिटांच्या अखेरच्या राखीव साठ्याला हात लागणार हे आता नक्की. दोन्हींसाठी मराठीत सरसकट ‘इंधन संपत आल्याने’ लिहितात, ते टाळावं.

‘घिरट्या’ला हरकत नाही, मग तो घारीचा शब्द का असेना. फक्त त्या गोल नसतात: दोन अर्धवळणं, मध्ये दोन सरळ बाजू. १४,००० फुटांपर्यंत एकेक सरळ बाजू एक मिनिटाची, म्हणजे एक फेरी साधारण चार मिनिटांची.

शेवटचं, बातम्यांतलं ‘लँडिंग फसलं’. वळवाच्या वाऱ्यात किंवा झडीच्या दिवसांत खालचं आभाळ उघडत नसताना वैमानिक उतरणं सोडून पुन्हा वर जातो, त्याला गो-अराउंड म्हणतात. नेहमीच्या आयएलएसवर (धावपट्टीपर्यंत वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर) २०० फुटांपर्यंत येऊन धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर वर जाणं हाच नियम. त्यात फसलेलं काही नाही. ‘उतरणं सोडून पुन्हा वर घेतलं’ असं सरळ लिहावं.